दोरी माझ्या पोटात अडली होती

मित्रांनो, माझ्याकडे पाहून बरेच जण आधी हेच विचारतात, "बोअरचा पाइप आहे का हो हा?"

नाही. मी डोलकाठी आहे. शिडाच्या नावेची. वय झालं आहे, अंगभर ओरखडे आहेत, अन् आतून मी सगळी पोकळ आहे. पोकळ, एवढं ध्यानात असू द्या. माझ्यावर जे ओढवलं ते सगळं आतमध्येच ओढवलं.

माझा जन्म समुद्राकाठचा. तिथल्या कारखान्यात ॲल्युमिनियमचा लांब पाइप कापून मले घडवलं. डोक्यात एक कप्पी बसवली. पायाशी एक फट पाडली. शिडाच्या टोकाले बांधलेली दोरी बाहेरून वर जाते, कप्पीवरून वळते अन् माझ्या पोटातून खाली उतरून फटीतून बाहेर येते. ती ओढली की शीड वर, सोडली की शीड खाली. विहिरीवरच्या कप्पीसारखंच समजा. फक्त इथं दोरीचा अर्धा रस्ता कोणालेच दिसत नाही.

उमेदीची वर्षं मी बंदरावर नाव चालवायले शिकवणाऱ्या शाळेत काढली. शर्यत जिंकली की पोरं आधी मले थोपटायची, मग एकमेकाले. मग नव्या काठ्या आल्या. मले शेडच्या मागं टाकलं. अंगावर कावळे बसायचे. कोणी हाकलायचं पण नाही.

तिथून मले अश्विन सरांनी उचललं. सर मूळचे अकोल्याचे. नोकरीत असताना समुद्रावर नाव चालवायले शिकले, अन् आपल्याकडच्या पोराईलेही हे आलं पाहिजे, असं डोक्यात घेऊन बसले. एक जुनी नाव अन् मी, दोघी ट्रकवर चढलो. अकोल्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर ट्रक थांबला तर माणसं गोळा झाली.

"मोबाइलचं टावर लावून राहिले का, साहेब?"

"नाही भाऊ, नावेची काठी आहे."

"नाव? अन् पानी कुठं हाय?"

सगळी टपरी हसली. सरही हसले. मी काय करणार, दोरानं बांधलेली होती.

पाणी होतं. दर्यापूरच्या अलीकडं आडवाटेले एक धरण आहे. काळ्या मातीच्या वावरात मधेच आभाळ उतरल्यासारखं. काठावर नत्थुजींचं वावर. कपाशी, सोयाबीन, बांधाले तूर. त्यांनी कोपऱ्यातली जागा दिली, सरांनी टिनाची शेड टाकली, अन् शिडाच्या नावेचा क्लास सुरू झाला. शेडची राखण नत्थुजींकडेच आली. शेडच्या बाजूले त्यांचा गोठा. म्हणून घरातलं निम्मं बोलणं मले ऐकू यायचं.

नत्थुजींची पोरगी आरती. सरांची पहिली विद्यार्थिनी तीच. पहिल्या दिवशी नावेत बसली अन् उतरली तेव्हा सरांनी तिले विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "सर, ट्रॅक्टरपेक्षा सोपं आहे, फक्त ब्रेक नाही." दुसरी स्वराली. अमरावतीच्या हरिहर वकिलांची मुलगी. वकीलसाहेब दर रविवारी गाडीतून तिले आणून सोडायचे अन् झाडाखाली पेपर वाचत बसायचे. या दोघींची जोडी जमली. शिडाचा कल सांभाळायची दोरी स्वरालीच्या हातात, शीड चढवायची-उतरवायची दोरी आरतीच्या हातात. राज्याच्या शिबिरासाठी सरांनी दोघींचं नाव द्यायचं ठरवलं. आरतीनं ते घरी सांगितलं तेव्हा मनकर्णाबाई, तिची माय, म्हणाली, "शिबिर कुठं हाय म्हनते? समुद्रावर? माय व! आमी तं शेगावच्या पुढं गेलो नाई."

दिवस चांगले होते, मित्रांनो. म्हणून पुढचं सांगायले जड जाते.

पोळा आला.

नत्थुजींकडे आता बैल नव्हते. ट्रॅक्टर आल्यावर जोडी गेली, गोठ्यात एक गाय राहिली. पण पोळ्याच्या आधी त्यांचे हात शिवशिवायचे. आमच्या भागात पोळ्याले बैलाच्या अंगावर जुनं काही ठेवत नाहीत. नवी वेसण, कपाळाले नवी मथाटी, नवा कासरा. अन् नत्थुजी कासरे स्वतः वळायचे, घरच्या कपाशीच्या सुताचे. गावात त्यांच्या दोराले मान होता. आता दोर वळायचा तर कोणासाठी?

त्यांची नजर माझ्यावर पडली.

पोळ्याच्या सकाळी त्यांनी मले हळद लावली. डोक्याले बेगड चिकटवली. मनकर्णाबाई ताटात पुरणाची पोळी घेऊन आली अन् कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता या पाइपाले पोई चारता काय तुमी?"

"पाइप नोको म्हनू. पोरीचा बैल हाय हा."

"मंग शिंगं कुठं हायेत त्याचे?"

"तू दे व पोई. लय बोलू नोको."

आरती पोट धरून हसत होती. मलेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू? एवढ्या वर्षांत माझी पूजा कोणी केली नव्हती.

मग त्यांनी माझी जुनी दोरी बदलली. ती नायलॉनची होती, काही ठिकाणी पिंजली होती, बदलायले झालीच होती. त्यांनी जुन्या दोरीच्या शेपटाले आपल्या नव्या सुताच्या दोरीचं तोंड शिवलं अन् खालून जुनी ओढली. नवी तिच्या मागं मागं माझ्या पोटात आली. पांढरी, मऊ, हळदीनं पिवळट. पहिल्यांदाच असं झालं की आत काही खरखरलं नाही.

सर दोन दिवसांनी अकोल्याहून आले. दोरी ओढून पाहिली. सरसर धावली.

"नत्थुजी, हात आहे का मशीन? दुकानातली अशी मिळत नाही."

नत्थुजी नुसते हसले. सरांनी दोरी पाहिली, पण कोरडी पाहिली. नायलॉनवर शिकलेला माणूस, त्यांनी सुताची दोरी कधी वापरलीच नव्हती. अन् नत्थुजींनी सुताचा दोर आयुष्यभर वापरला, पण कप्पीच्या अरुंद फटीत तो कधी घातला नव्हता. दोघाईच्या मधल्या जागेत मी होती.

पुढच्या रविवारी नाव पाण्यात गेली. शीड झकास चढलं. धरणाच्या मध्यावर पोचलो अन् बारीक पाऊस सुरू झाला, लाटा अंगावर यायले लागल्या. दोरी भिजली. अन् मले जाणवलं की माझ्या पोटात काहीतरी फुगून राहिलं आहे. सूत पाणी पिऊन जाड होत होतं. कप्पी अन् तिच्या बाजूची भिंत यात दोरीपुरतीच जागा. ती भरली. घट्ट बसली.

मी ओरडणार कशी? डोलकाठीले तोंड नसते.

तेवढ्यात पश्चिमेकडून वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं. एकाएकी. सरांची शिकवण होती, असा वारा आला की शीड खाली घ्यायचं अन् मोटारबोट येईपर्यंत खाली वाकून बसायचं. आरतीनं खुंटीवरची दोरी सोडली. शीड आलं नाही. तिनं दोरी झटकली, वर ढकलली, दोन्ही हातांनी धरून हिसके दिले.

"सोड ना! आरती, सोड दोरी!" स्वराली ओरडत होती.

"सुटून नाई राहिली!"

वाऱ्यात ते स्वरालीले ऐकूच गेलं नाही. तिले एवढंच दिसलं की आरतीनं दोरी दोन्ही हातांनी धरली आहे. शीड फडफडलं, खालचा आडवा दांडा फिरला अन् स्वरालीच्या हातावर बसला. नाव कलंडली. माझं डोकं तळाच्या गाळात रुतलं.

दोघींच्या अंगात तरंगायचे जॅकेट होते. सर मोटारबोट घेऊन आले, दोघींले काढलं. स्वरालीचा हात मोडला होता. मले गाळातून ओढताना शीड टोकापाशी फाटून वेगळं झालं, म्हणून दोरी अडकली आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

मले शेडपुढं उन्हात टाकलं. पावसानं उघडीप दिली होती, ऊन चरचरीत. पोटातली दोरी वाळली. वाळली तशी बारीक झाली अन् कप्पीतून आपोआप मोकळी झाली.

तीन-चार दिवसांनी सरांनी येऊन दोरी ओढली. सरसर धावली.

त्यांनी परत ओढली. परत धावली. मग आरतीले म्हणाले, "बेटा, दोरीत तर काही नाही. घाबरली होतीस का? असं होतं. सांगून टाक."

आरती माझ्या पायाजवळच्या फटीकडे पाहत होती. तिच्या हाताले त्या दिवशी दोरीची जाडी लागली होती. तिले समजलं होतं, मित्रांनो. दोरी कोणाच्या हातची आहे हेही तिले माहीत होतं.

"हो सर," ती म्हणाली. "घाबरली होती."

मले वाटलं, फुटून जावं. निदान आतलं दिसेल तरी.

वकीलसाहेबांचा निरोप आला. रविवारी ते येणार. ज्या मुलीनं ऐन वेळी दोरी धरून ठेवली, तिले परत पाण्यावर जाऊ द्यायचं की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. शिबिराचं तर कोणी नावच काढत नव्हतं.

मधे एक दिवस पाऊस झाला. नत्थुजी गोठ्यात गाय सोडायले गेले. गायीचं दावंही त्याच सुताचं. भिजून गाठ अशी आवळली होती की सुटता सुटेना. नखानं उकललं, दातानं उकललं. मनकर्णाबाई विळा घेऊन आली.

"कापा ना तं. ओलं सूत कधी सुटते काय? एवढे वर्स झाले, तुमाले मी सांगू?"

तिनं सहज म्हटलं. कापून निघून गेली. नत्थुजी कापलेलं दावं हातात घेऊन तिथंच उभे. त्यांनी दाव्याकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझ्याजवळ आले. फटीतून बाहेर आलेलं दोरीचं टोक चिमटीत धरलं. पावसानं तेही ओलं झालं होतं, फटीत घट्ट बसलेलं. त्यांनी ओढलं. हललं नाही. त्यांनी हात असा मागं घेतला जसा काही भाजला.

मी म्हटलं, आता बोलतील. आता घरात जातील अन् सांगतील.

नाही बोलले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वकिलाच्या मुलीचा हात आपल्या दोरीनं मोडला, हे वकिलाले कसं सांगायचं? गावात ज्याच्या दोराचं नाव, त्यानं आपल्याच दोराले दोष कसा द्यायचा? ते वावरात जायचे, यायचे, अन् शेडकडं पाहणं टाळायचे. मले त्यांचा राग येत होता. अन् कीवही येत होती. त्यांनी मले पोळी चारली होती ना.

शनिवारी संध्याकाळी मायलेकी गोठ्यात शेण काढत होत्या.

"आरती, एक खरं सांग मले," मनकर्णाबाई म्हणाली. "तुया हातून झालं काय व ते?"

"हो."

"माह्याकडं पाहून सांग."

"झालं ना आई माझ्या हातून! किती वेळा विचारशील? जाऊ दे, नाही जात मी आता पाण्यात. संपलं."

कुडाच्या पलीकडे नत्थुजी कडबा घेऊन उभे होते. मी पाहत होती. त्यांनी कडबा खाली ठेवला नाही, आत आले नाहीत. बोलणं संपल्यावरही ते तसेच ओझं घेऊन उभे राहिले.

रविवारी गाडी आली. वकीलसाहेब उतरले. मागून स्वराली, हात गळ्यात बांधलेला. दोघी मैत्रिणी एकमेकीकडे पाहतच नव्हत्या.

"हे बघा सर," वकीलसाहेब म्हणाले, "मला भांडायचं नाही. मुलगी वाचली, पुष्कळ झालं. पण ऐन वेळी जिचे हात गोठतात, तिच्या भरवशावर उद्या दुसऱ्या कोणाची मुलगी बसणार आहे. माझ्या मते तिला थांबवावं. कटू आहे, पण..."

"दोरी सोडायले पाहिजे होती तिनं," सर हळूच म्हणाले. "मी तपासली. दोरी चांगली आहे."

"थांबा जरा."

नत्थुजी. टोपी हातात.

"वकीलसाहेब, थोडं थांबा. सर, काठी उभी करा नावेवर. शीड चढवा."

"आत्ता? इथं काठावर?"

"हाव. इथंच."

मले उभं केलं. शिवलेलं शीड चढवलं, कोरड्या दोरीनं. सहज चढलं. वकीलसाहेबांनी सरांकडे पाहिलं, म्हणजे हेच तर सांगत होतो ना. नत्थुजींनी बादली उचलली. धरणातून पाणी आणलं, शिडी लावून वर चढले अन् माझ्या डोक्यावर ओतलं. परत खाली. परत वर. अंगरखा भिजून अंगाले चिकटला.

"अहो, काय करता आहात तुम्ही?"

"च्या घ्या तुमी. च्या होयपर्यंत टाइम लागते याले."

मनकर्णाबाईनं चहा मांडला. माझ्या पोटात दोरी फुगत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाले म्हटलं, अडू दे. नीट अडू दे.

कप खाली ठेवले. नत्थुजी म्हणाले, "आरती, सोड दोरी."

"बाबा, राहू द्या ना."

"सोड म्हनतो."

तिनं सोडली. शीड तसंच वर. तिनं झटकली. तसंच. स्वराली पुढं झाली, चांगल्या हातानं दोरी धरली अन् ओढली, ढकलली, लोंबकळलीच जवळजवळ.

"बाबा," ती वकीलसाहेबांकडे वळली, "हे... हे अडकलंय. ती तेव्हा हेच करत होती. मी समजले, धरून बसलीय."

"दोरी मी वळली," नत्थुजी म्हणाले. "सुताची हाय. पानी लागलं का फुगते. पोरीचा काई गुन्हा नाई. तिले पाण्यावर जाऊ द्या. मले काय म्हनाचं ते म्हना."

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला कधी कळलं हे?"

"तीन-चार दिस झाले."

"आणि गप्प बसलात? तुमच्या मुलीकडे सगळे बोट दाखवताहेत अन् तुम्ही गप्प?"

"भेव वाटलं, साहेब."

सर म्हणाले, "मी पण ओली करून पाहिली नाही. ते माझं काम होतं." अन् आरतीकडे वळून, "तुले माहीत होतं ना?"

आरतीनं मान खाली घातली. नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं, अन् तेव्हा त्यांचा धीर सुटला. भिजलेल्या अंगानं ते तिच्यासमोर गेले.

"काहून नाई सांगितलं व तू?"

"तुमी काहून नाई सांगितलं?"

मग माझं पोट उघडायचं काम निघालं. मले आडवं केलं. सरांनी डोक्यावरचे रिबीट काढले. दोरी कप्पी अन् भिंतीच्या मधे अशी घुसली होती की चाकूनं तुकडा तुकडा करून काढावी लागली. स्क्रू ड्रायव्हर घालून कप्पी उचकटताना माझ्या टोकाले चीर गेली. दुखलं. पण आत हवा खेळली तेव्हा जे बरं वाटलं ते कसं सांगू.

आता माझ्या पोटात दोरीच नव्हती. नवी घालायची तर तिले वाट दाखवणारं काही पाहिजे. सरांनी बारीक सुतळीले सायकलच्या चेनचा तुकडा बांधला, मले तिरपं केलं अन् डोक्यातून तो आत सोडला. खळखळ करत आला अन् मधेच कुठंतरी अडला. आतल्या एका रिबीटाचं टोक पुढं आलेलं होतं, इतकी वर्षं मलेही त्याची सवय झाली होती. सरांनी परत ओढून घेतला. मले कुशीवर वळवलं. परत सोडला. या वेळी थेट फटीपाशी आला. तिथं आरती बसली होती, सायकलच्या आऱ्याचा आकडा करून. तिनं आकडा आत घालून सुतळी पकडली.

"आली! सर, आली!"

कित्येक दिवसांनी तिचा आवाज असा ऐकला.

सरांनी नवी पक्की दोरी काढली. पाण्यात न फुगणारी. तिचं तोंड सुतळीले शिवायचं होतं, असं की जाड सांधा होऊ नये. नत्थुजी दूर बांधावर जाऊन बसले होते.

"बाबा, इकडं या."

"नाई. मी हात लावत नाई आता त्याले."

"तुमच्यासारखं शिवता कोणालेच येत नाई इथं. या ना."

ते आले. सुई धरली. शिवण सपाट पडली, अन् नवी दोरी माझ्या पोटातून कुठंही न अडता खाली आली. मग आरतीनं स्वतःच बादली आणली अन् ती दोरी भिजवली. चढवली, उतरवली. कोणी सांगितलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं समजू नका, मित्रांनो. वकीलसाहेबांनी जाताना म्हटलं, आरतीनं खुशाल पाण्यावर जावं, त्यांचं काही म्हणणं नाही. पण स्वरालीले त्यांनी परत आणलं नाही. शिबिराची वेळ निघून गेली. स्वराली फोन करते, आरती बांधावर उभी राहून बोलते, अन् बोलणं झालं की बराच वेळ तिथंच असते. नत्थुजींनी नंतर दोर वळला नाही. माझ्या टोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला आहे, जोराच्या वाऱ्यात तो कुरकुरतो.

माझ्यासारख्या वस्तूची काळजी घ्याल तर वरून पुसून घेऊ नका. आतली दोरी काढून पाहा, ओली करून पाहा, वापराच्या आधी पाहा. अन् एखादं माणूस म्हणालं, हो, माझ्याच हातून झालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा. परत विचारा. नुसती कोरडी तपासणी करून आम्हाले कोणाले ठीक म्हणू नका.

परवा आरती पुन्हा नावेत बसली. आता तिच्यासोबत गावातलीच एक नवी पोरगी आहे. नत्थुजी काठावर आले होते, पण पाण्याकडे पाठ करून उभे होते. आम्ही मध्यावर पोचलो. वारा बेताचा, आभाळ मोकळं. शीड उतरवायचं काही कारण नव्हतं.

"बाबा!" आरतीनं जोरात हाक मारली. "इकडं पाहा!"

ते वळले. तिनं दोरी सोडली, अन् शीड एका दमात खाली आलं.